कापडी अस्वलाची प्रागवारी

सहलीला माणसे जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र माणसाने घरीच राहावे आणि त्याच्या कापडी अस्वलाने पर्यटन करून यावे, असाही प्रकार युरोपात घडला आहे. चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथे २०१० मध्ये 'टॉय ट्रॅव्हलिंग' नावाची अशी सेवा सुरू झाली. तिचे प्रवर्तक होते तोमिओ ओकामुरा. टोकियोत जन्मलेले, आई चेक असलेले हे पर्यटन व्यावसायिक पुढे राजकारणात शिरले आणि २०१२ मध्ये सिनेटवर निवडून आले.

कल्पना साधी आहे. मालकाने आपले लाडके खेळणे टपालाने पाठवायचे. वाटाड्याने ते शहरभर फिरवायचे, ठिकठिकाणी त्याची छायाचित्रे काढायची आणि खेळणे सुखरूप घरी धाडायचे.

वीतभर पाहुण्याचा दिवस

वीतभर उंचीच्या पाहुण्यासाठी नियोजनही निराळे लागते. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये पायाभरणी केलेला चार्ल्स पूल सुमारे ५१६ मीटर लांब असून त्यावर ३० पुतळे व शिल्पसमूह आहेत. दिवस वर आला की येथे पर्यटकांची रीघ लागते. त्यामुळे अस्वलाला कठड्यावर बसवायचे तर पहाटेची वेळ उत्तम. कॅमेराही खेळण्याच्या नजरेच्या उंचीवर आणावा लागतो. अन्यथा छायाचित्रात एक तर पूल हरवतो किंवा अस्वल.

जुन्या नगरभवनावरील खगोलीय घड्याळ १४१० सालचे. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला तेथील सांगाडा घंटेची दोरी ओढतो आणि वरच्या खिडक्यांतून प्रभू येशूच्या शिष्यांच्या मूर्ती सरकत जातात. हे सारे मिनिटभरात आटोपते, म्हणून पाहुण्याला आधीच जागेवर बसवून ठेवणे भाग पडते. किल्ल्यातील सेंट व्हायटस कॅथेड्रलला मात्र घाई ठाऊक नाही. १३४४ मध्ये आरंभलेले हे बांधकाम १९२९ मध्ये पूर्ण झाले.

हौस की गरज?

हा श्रीमंतांचा पोरखेळ, असे कोणी म्हणेल. पण टोकियोत सोनोए आझुमा यांनी २०१० मध्येच सुरू केलेल्या 'उनागी ट्रॅव्हल' या संस्थेचा अनुभव वेगळे सांगतो. तिच्याकडे खेळणी पाठविणाऱ्यांत हौशी लोक आहेत, तसेच आजारपणामुळे वा अपंगत्वामुळे घराबाहेर पडू न शकणारेही आहेत. शहराची छायाचित्रे त्यांना कोठेही मिळाली असती. परंतु आपल्या उशाशी असणारे अस्वल त्या चौकात बसून आले, ही जवळीक परक्या छायाचित्रात नसते. खेळणे येथे मालकाचा प्रतिनिधी ठरते.

चेक लोकांना याचे फारसे नवल वाटू नये. त्यांच्या व्यंगपटांतील लाडक्या चिचुंदरीसारख्या 'क्रतेक'चे खेळणे मे २०११ मध्ये अंतराळवीर अँड्र्यू फॉइस्टेल यांच्यासमवेत 'एन्डेव्हर' यानातून अवकाशातही जाऊन आले.

चार्ल्स पुलावर १६८३ मध्ये उभारलेला संत जॉन नेपोमुक यांचा पुतळा आहे. १३९३ मध्ये त्यांना याच पुलावरून व्ल्टावा नदीत फेकण्यात आले होते. पुतळ्याखालील ब्राँझच्या फलकाला हात लावणारा पुन्हा प्रागला येतो, अशी लोकांची श्रद्धा असून असंख्य स्पर्शांनी तो फलक सोन्यासारखा लखलखीत झाला आहे. अंथरुणाला खिळलेल्या मालकाच्या वतीने तेथे एक कापडी पंजा टेकविणे, एवढेच वाटाड्याचे काम. तो पंजा टपालाने घरी परततो, तेव्हा मालकाला तो हातात घेता येतो.