जुन्या कानशीची सुरी

बोथट झालेली कानस भंगारात टाकण्यापूर्वी जरा थांबा. तिच्यापासून एक लहानशी सुरी करता येते. पात्याला आकार देणे हे चिकाटीचे काम. पण त्या पात्याची सुरी होते ती उष्णतेमुळे. लोहार 'हत्याराला पाणी देणे' म्हणतो, ते हेच.

भट्टीचे काम मात्र एकट्याने करू नका. शिक्षकांना बरोबर घेऊन लोहाराकडे जा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, अंगात सुती कपडे आणि पायांत बूट हवेतच.

चांगली कानस पोलादाची असते. तिच्यात सुमारे १ टक्का कार्बन असतो. साध्या खिळ्यात तो फारच थोडा, म्हणून खिळ्याचे पाते धार धरत नाही.

कानस इतकी कठीण असते, की तिच्यावर दुसरी कानस चालत नाही. म्हणून प्रथम ती लाल होईपर्यंत तापवा आणि कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवा. सावकाश निवलेले पोलाद नरम होते. आता तिला पात्याचा आकार द्या. जुने दाते पूर्ण घासून काढा, कारण तडा खाचेतूनच सुरू होतो. मुठीसाठी भोके पाडा. धार मात्र आताच लावू नका. कडेला १ मिलिमीटर जाडी राहू द्या. फार पातळ कड पुढे वाकते किंवा तडकते.

पाते पुन्हा तापवा. सुमारे ७७०° सेल्सियसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. त्यानंतर किंचित अधिक तापवून पाते कोमट तेलात बुडवा. तेल पेटलेच तर भांड्यावर लोखंडी झाकण ठेवा. पाणी कधीही ओतू नका.

येथे काय घडते? तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो. सावकाश निवताना तो वेगळा होतो; एकदम निवताना त्याला तेवढा वेळच मिळत नाही. अडकलेल्या कार्बनमुळे अणूंची मांडणी ताणली जाते आणि पोलाद कठीण होते. आडोल्फ मार्टेन्स (१८५०-१९१४) या जर्मन शास्त्रज्ञावरून या रचनेला 'मार्टेन्साइट' म्हणतात.

पण आता पाते ठिसूळ झाले आहे. फरशीवर पडले तर तुकडे! म्हणून ते घासून चकचकीत करा आणि मंद आचेवर पुन्हा तापवा. सुमारे २२०° ला त्यावर फिकट पिवळा रंग चढेल. तो ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे दिसतो; साबणाच्या फुग्यावरचे रंगही असेच थराच्या पातळपणामुळे दिसतात. पिवळ्यानंतर तपकिरी, जांभळा आणि ३००° च्या आसपास निळा रंग येतो. सुरीसाठी पिवळ्यावरच थांबा. कठीणपणा थोडा कमी होतो, पण चिवटपणा येतो.

शेवटी लाकडी मूठ बसवा आणि ओल्या दगडावर धार लावा. पाते घासताना तापून निळे पडले, तर तेथे धार टिकणार नाही.

हेच तत्त्व प्रयोगशाळेत पाहायचे असेल तर शिक्षकांसमोर, चष्मा लावून, शिवणाच्या तीन सुया लाल तापवा. पहिली सावकाश निवू द्या. ती वाकेल आणि वाकलेलीच राहील. उरलेल्या दोन पाण्यात विझवा. त्यांतली एक वाकवा; ती मोडेल. दुसरी घासून निळी होईपर्यंत पुन्हा तापवा. आता ती वाकून परत सरळ होईल. पोलाद तेच, कार्बनही तेवढाच. मग तीन सुयांचे तीन स्वभाव कशामुळे झाले, हे आता तुम्हीच सांगा!