शिबिरातला पाण्याचा दिवस

राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात काय चालते, हे शिबिराला न आलेल्या मित्रमैत्रिणींना वेळापत्रकावरून कळते. पहाटे प्रार्थना, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. त्यात न छापलेली एक गोष्ट म्हणजे एका दुपारी सगळ्यांनी पोहायला जाणे. 'श्रमदान कमी आणि डुंबणे जास्त' अशी थट्टा आमच्या वाट्याला येते, म्हणून हा लेख.

शिबिराची कल्पना परदेशातून आलेली आहे. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले व्हर्दूनजवळचे एक खेडे उभारण्यासाठी १९२० साली पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थाने निरनिराळ्या देशांचे स्वयंसेवक जमवले. पुढे १९३४ च्या बिहार भूकंपानंतर हेच गृहस्थ साथीदारांसह आपल्याकडे आले. आपली राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ची, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली. परक्या गावी राहायचे, अंगमेहनत करायची, एका पंगतीत जेवायचे, हा गाभा तिन्हींकडे एकच.

आमचे शिबिर लोणंदजवळच्या एका गावात होते. या भागाला पाण्याची वाण नाही. माउलींच्या पादुकांना नीरास्नान घडते ती नदी इथलीच. त्यानंतर पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. वीर धरणाहून निघणारा नीरा उजवा कालवा याच परिसरातून फलटण, माळशिरसकडे जातो. मुलांचा सगळा ओढा कालव्याकडे. सरांनी मात्र साफ नकार दिला, आणि त्याचे कारण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे. कालव्याचे पाणी वरून संथ दिसते, पण आत ओढ असते. अस्तर केलेले काठ उतरते आणि शेवाळलेले. पडलेल्या माणसाला धरायला काहीच नसते. चांगला पोहणाराही बाहेर निघता निघता थकतो. म्हणून आम्ही गेलो आबांच्या पायऱ्यांच्या विहिरीवर. पाणी थांबलेले, पायऱ्या मजबूत, आणि काठावर दोर घेऊन बसलेले स्वतः आबा.

पाणी माणसाला बुडवते, ही समजूतच मुळात अर्धवट आहे. छातीत हवा भरून घेतली की आपले शरीर त्याच आकारमानाच्या पाण्याहून किंचित हलके असते. ते तरंगते, पण जेमतेम. घाबरलेला माणूस हात वर करतो, मान उंचावतो. जेवढे अंग पाण्याबाहेर, तेवढ्याचा आधार गेला! एकट्या डोक्याचेच वजन चार-पाच किलो. पूर्वी पाठीला वाळका भोपळा बांधत, आम्ही तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घट्ट झाकण लावून बांधला. तो पाण्यात गेला की पाच किलो पाणी बाजूला सारतो, म्हणजे साधारण डोक्याएवढा भार उचलतो. हिशेब इतका सोपा आहे. आणखी एक गोष्ट आबांनी सांगितली, ती मी पुढे पुस्तकातही वाचली: बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण त्याला श्वासालाच सवड नसते. अशा वेळी उडी मारू नये. दोर, धोतर, ओढणी, हाताला येईल ते फेकावे.

आता जरा कटू बोलते. मुलांपैकी बहुतेकांना पोहता येत होते. आम्हा मुलींत दोघींनाच. माझ्या आजोबांनी मला आठव्या वर्षी विहिरीत ढकलले, म्हणून त्या दोघींत मी. बाकीच्या पायऱ्यांवर पाय भिजवून बसल्या. रोज कालव्यावर धुणे घेऊन कोण जाते? बाया आणि मुली. पोहायला शिकवतात कोणाला? मुलग्यांना. आमच्यातल्या एकीची चुलत बहीण धुणे धुताना पाय घसरून गेली. ती मैत्रीण त्या दिवशी सर्वांत वरच्या पायरीवर होती.

मुलांची पाळी आटोपल्यावर सरांनी त्यांना ज्वारीच्या रानात हुरड्यासाठी पिटाळले आणि विहीर आमच्या ताब्यात दिली. सलवार-कमीज भिजून जड होतात, त्यामुळे पहिला तास नुसता पायरी धरून पाय मारण्यात गेला. वरच्या पायरीवरची मैत्रीण शेवटी आली. कॅन बांधून, दोराचे टोक आबांच्या हाती देऊन, तिने पायरी सोडली आणि तीन हात अंतर कापून परतली. पुन्हा गेली. पाचव्या खेपेला दोर सैल पडला होता, हे तिला कळलेच नाही.

निघताना तिने आबांना विचारले, "दर रविवारी आले तर चालेल का?"

"ये की," आबा म्हणाले, "पण येताना आईलाबी घेऊन ये. तिलाबी शिकवू."