क्षमता निम्मी, युनिटं पाव

1990-91 साली देशात साधारण 21 कोटी टन कोळसा निघायचा. 2024-25मध्ये तो 100 कोटी टनांच्या पुढे गेला. उदारीकरणानंतर कारखाने वाढले, टॉवर उठले, घरोघरी फ्रीज आले आणि विजेची ही भूक मुख्यतः कोळशानेच भागवली. कार्बन उत्सर्जन चौपटीहून जास्त झालं. दरडोई मात्र ते आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमीच भरतं.

पर्यायांची जाण तेव्हाही होती. अपारंपरिक ऊर्जेचं स्वतंत्र मंत्रालय 1992मध्येच झालं. साताऱ्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या वाऱ्याइतक्याच घसाऱ्यावरच्या करसवलतीच्या जोरावर. यंत्राची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता यायची. मग पातं किती फिरतं याची फिकीर कोण करतो?

सौरऊर्जेचं गणित बदललं ते व्यापारामुळे. 2010च्या राष्ट्रीय सौर मोहिमेतल्या पहिल्या बोली युनिटला 12 रुपयांच्या आसपास होत्या. 2017मध्ये राजस्थानात भाडल्याला दर 2 रुपये 44 पैशांवर आला. लिलावातली चुरस आणि चीनचे स्वस्त पॅनेल ही त्यामागची मोठी कारणं. मोहिमेतल्या देशी पॅनेलच्या अटीविरुद्ध अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि 2016मध्ये आपण हरलो. 2022मध्ये आपणच आयात पॅनेलवर 40 टक्के सीमाशुल्क लावलं. आता 2026पासून युरोपची आयात मालावरची कार्बन आकारणी आपल्या पोलादाच्या धुराचाही हिशेब मागते आहे.

2025मध्ये एकूण वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. पण प्रत्यक्ष युनिटांत त्यांचा वाटा साधारण पावच. 2005 ते 2020 या काळात जीडीपीच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन 36 टक्क्यांनी घटलं. एकूण उत्सर्जन मात्र वाढतच राहिलं. नवी वीज जुन्या विजेच्या जागी आली नाही, तिच्यावर भर पडली.

अपवाद शिवारात दिसतो. रात्रीची लाईट म्हणजे बॅटरी हातात घेऊन, विंचू-काट्यातून पाणी धरायला जाणं. 2017पासून महाराष्ट्रात सौर कृषी वाहिन्या आल्या. जिथे त्या पोचल्या तिथे पंप दिवसा चालतो, म्हणजे ऊन आणि मागणी एकाच वेळी. तेवढा कोळसा खरोखर वाचतो. शहरात दिवेलागणीला मागणी चढते, तेव्हा ऊन नसतं आणि औष्णिक संचांवर भार येतो. पुढच्या दशकात आणखी किती मेगावॅट उभे राहिले यापेक्षा, दुपारची किती वीज रात्रीपर्यंत साठवता आली, यावर उत्सर्जनाचा आलेख वळेल की नाही ते ठरेल.