मंडळापुढे रुग्णाचा शब्द

दारव्ह्याच्या एका बाई परवा दवाखान्यात आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, भाऊ मनोरुग्णालयात आहे. बरं वाटतंय, घरी न्या म्हणतो. पण त्याचं ऐकणार कोण?"

ऐकावे लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यासाठी पुनरावलोकन मंडळाची तरतूद केली आहे. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचे. सदस्यांत मनोविकारतज्ज्ञ असतात, तसेच रुग्ण किंवा त्यांना सांभाळणाऱ्यांचेही प्रतिनिधी. अर्जाला शुल्क नाही. संमतीवाचून दाखल केल्याबद्दलचा अर्ज सात दिवसांत निकाली काढावा लागतो. मुक्काम ३० दिवसांपुढे वाढवला असेल तर २१ दिवसांत. सुनावणी रुग्णालयातच, बंद दाराआड होते.

रुग्ण स्वतः बोलू शकतो, वकील किंवा आपल्या पसंतीचा माणूसही सोबत घेऊ शकतो. मोफत वकिलासाठी यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

बाईंना मी सांगितले, आदल्या दिवशी भावाजवळ बसा. घरी का जायचे, गोळ्या कोण देईल, पुन्हा त्रास झाला तर काय करायचे, हे त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवा. गोळ्यांमुळे जीभ जड होते, हात थरथरतो. तेव्हा कागद वाचून दाखवला तरी चालेल. सुनावणीसाठी म्हणून गोळी मात्र चुकवू नये. तो अडखळला तर थांबा, वाक्य तुम्ही पुरे करू नका. (आम्ही डॉक्टरही रुग्णासमोर नातेवाइकांशीच बोलतो, ही खोड वाईटच.)

निर्णय विरुद्ध गेला, तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.