खुब्यात कृत्रिम सांधा, पोटात बाळ

ओवे गावातून पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात नाव नोंदवायला जाताना खुब्याच्या शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत. कोणता सांधा बसवला, हे त्यावरच्या स्टिकरवरून कळते.

सांधा बदललाय म्हणजे सिझेरियनच, हा गैरसमज आहे. नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. जपायची ती पायांची ठेवण. गुडघे पोटाकडे फार दाबले किंवा मांडी आत वळली, तर सांधा निखळण्याची भीती असते. घरातही उकिडवे बसणे टाळावे. डोहाळजेवणाला पाट नको, सरळ खुर्ची मागावी. कोण काय म्हणेल, ते म्हणू द्यावे!

खरी काळजी धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांची. त्यातून झिजलेले कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरते आणि वारेतून काही अंशी बाळापर्यंतही जाते. त्यामुळे बाळाला अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही. डेप्यू कंपनीने असे ‘एएसआर’ सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावले. भारतात ते सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरले गेले होते. २०१८ मध्ये केंद्राने ३० लाख ते १.२३ कोटी रुपये भरपाईचे सूत्र ठरवले. असा सांधा असेल, तर दिवस राहण्याआधीच रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी करून घ्यावी.