पोलादातलं रान

दोन नळ्यांच्या शिकारी बंदुकीत नळ्या आणि लाकडी दस्ता यांच्या मध्ये एक पोलादी भाग असतो. बंदूक मोडून काडतुसं भरायची ती इथे, चाप इथे, आतली कळही इथेच. जाणकार याला ॲक्शन म्हणतात. दोन्ही बाजू आणि तळ धरला तरी सगळी मिळून जागा जेमतेम तळहाताएवढी. तेवढ्यात आल्प्सच्या कड्यावर उभा असलेला शॅमॉय हा डोंगरी प्राणी, खाली कुत्र्यांनी कोंडलेलं रानडुक्कर आणि सभोवार ओकची पानं, एवढं सगळं मावतं. ते ओतलेलं नसतं, साच्यात दाबलेलं नसतं. अखंड पोलादातून नको तेवढं छिन्नीनं काढून टाकलेलं असतं. डुकराच्या सुळ्यावरून बोट फिरवलं तर सुळा बोटाला लागतो.

हे काम युरोपात मोजक्या गावांनी जपलं: इटलीत गार्दोने, बेल्जियममध्ये लिएज, जर्मनीत झूल, ऑस्ट्रियात फेर्लाख. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम. प्रत्येक ठिकाणचा हात वेगळा. गार्दोनेचे आजचे कारागीर ‘बुलिनो’ पद्धतीसाठी नावाजलेले आहेत. हातानं ढकलायच्या बारीक टोकदार कलमानं हजारो ठिपके आणि केसासारख्या रेघा मारायच्या, की पोलादावर छायाचित्र उतरल्यासारखं वाटतं. पण त्याला उजेड नेमका तिरका लागतो. बंदूक जरा कलवली की पक्षी फिका पडतो. फेर्लाखच्या परंपरेचा जोर मात्र उठावावर. तिथला कारागीर सावली धातूतच कोरून ठेवतो, त्यामुळे उजेड कुठूनही येवो, हरीण हरीणच राहतं. बुलिनोचं कौशल्य वादातीत आहे, तरी निवड करायची झाली तर मी फेर्लाखच्या बाजूचा. बंदूक ही हाताळायची वस्तू आहे. तिच्यावरचं चित्र हातालाही कळायला हवं.

फेर्लाख हे काही हजार वस्तीचं गाव. ऑस्ट्रियाच्या अगदी दक्षिणेला, द्राऊ नदीच्या खोऱ्यात. मागे कारावांकन डोंगररांग, आणि डोंगर ओलांडला की स्लोव्हेनिया. लोखंड, भट्टीला लाकडी कोळसा आणि घण चालवायला ओढ्यांचं पाणी, तिन्ही हाताशी. फेर्लाखकर आपल्या बंदूकधंद्याचा इतिहास १५५८ पासून मोजतात. पुढची तीन शतकं गावानं ऑस्ट्रियाच्या फौजेला बंदुका पुरवल्या. त्या बंदुकांवर नक्षी नव्हती. सैनिकाच्या खांद्यावरच्या बंदुकीला नक्षी कशाला?

गावाचं नशीब फिरलं ते एका पराभवानं. १८६६ मध्ये केनिगग्रेट्सच्या लढाईत प्रशियानं ऑस्ट्रियाला धूळ चारली. प्रशियाचे शिपाई मागून गोळी भरायच्या बंदुका वापरत होते, ऑस्ट्रियाचे पुढून ठासायच्या. हरल्यावर ऑस्ट्रियानंही घाईनं मागून भरायची बंदूक घेतली आणि ती बनवायचं काम गेलं श्टायरच्या योसेफ वेर्न्डलच्या कारखान्याकडे. तिथे यंत्रं होती, एकसारखे सुटे भाग होते. फेर्लाखच्या घराघरांतल्या कारागिरांना ते जमणारं नव्हतं. सरकारी मागणी आटली. मग गाव वळलं शिकारी बंदुकांकडे. त्या एकेका गिऱ्हाइकाच्या अंगाला बेतून हातानं करायच्या, आणि त्यावर त्यानं मारलेलं किंवा मारायचं स्वप्न बघितलेलं जनावर कोरून द्यायचं. १८७८ मध्ये तिथे बंदूक बनवणाऱ्यांची सरकारी शाळा निघाली. ती आजही चालू आहे. नकाशे, यंत्रकाम, लाकूडकाम यांच्या जोडीला तिथे खोदकाम शिकवतात. चौदा-पंधरा वर्षांची मुलंमुली प्रवेश घेतात. बाप मुलाला आणि उस्ताद शागिर्दाला देत आलेली गुपितं या शाळेनं वेळापत्रकात बसवली. फेर्लाख टिकलं त्याचं श्रेय मी कुठल्याही एका थोर कारागिरापेक्षा या शाळेला देईन.

आता प्रत्यक्ष काम. बंदूक पूर्ण जुळवून, चालवून झाली की ती पुन्हा सुटी करतात आणि ॲक्शन खोदणाऱ्याच्या हाती येते. पोलाद अजून मऊ असतं, त्याला पाणी दिलेलं नसतं. पृष्ठभागावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन त्यावर पेन्सिलीनं चित्र काढायचं, मग सुईनं रेषा ओरखडून पक्की करायची. ॲक्शन पकडायला तोफगोळ्यासारखा जड, गोल शेगडा असतो. तो चामड्याच्या कड्यावर बसतो आणि हव्या त्या बाजूला कलतो, फिरतो. वळणदार रेघ मारायची तर छिन्नी जागेवर ठेवून शेगडा फिरवायचा. उजव्या हातात छोटी हातोडी. तिचे ठोके हलके आणि सतत, कारण जोर केला की छिन्नी उसळते. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर ‘चि. सौ. कां.’ घालून देणारा माणूस ज्या लयीत यंत्र चालवतो, तीच लय इथे निव्वळ मनगटात ठेवावी लागते, तीही महिनोन् महिने.

आधी जनावराची कड खोल कापून घेतात. मग सपाट छिन्नीनं भोवतालची जमीन खाली उतरवायची. किती खाली? पोलादाची भिंत पातळ, आत कळ बसवलेली, म्हणून बहुतेक उठाव मिलिमीटरच्या आतबाहेरच राहतो. सगळी कसरत या एका मिलिमीटरची आहे. हरणाचा जवळचा खांदा सर्वांत वर, मान त्याच्या किंचित खाली, पलीकडचे पाय जवळजवळ जमिनीलगत, आणि लांबचे देवदार म्हणजे नुसत्या रेघा. कुठल्या भागाला किती उंची द्यायची हे पहिला ठोका पडण्याआधी ठरलेलं असावं लागतं. काढलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. जमिनीवर छिन्नी घसरली तर निभावतं, कारण जमीन पुढे पंचाच्या बारीक ठोक्यांनी खरबरीत करून गडद करायचीच असते. घसरली ती जनावराच्या गालावर, तर सगळं तोंडच तेवढं खाली घ्यावं लागतं, आणि मग मानही.

केस सगळ्यांत शेवटी. नवशिका केसांपासून सुरुवात करतो म्हणून त्याचं हरीण गालिच्यासारखं दिसतं. आधी हाडं, मग स्नायू, आणि त्यावर आखूड रेघा, केस अंगावर ज्या दिशेनं झोपतात त्या दिशेनं. मानेवर खाली, खांद्यावर मागे, पोटाशी वळून. डोळा भिंगाखाली होतो. गोल पंचानं बुबुळ बसवायचं आणि एक कण चकचकीत सोडायचा. तो कण चुकीच्या जागी राहिला तर जनावर चकणं होतं.

आणखी एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. ॲक्शनवर स्क्रू असतात. खोदणारा ते जागेवर बसवून त्यांच्या डोक्यांवरूनही पान-फूल कोरत नेतो. त्यामुळे तो स्क्रू पुढे फक्त त्याच भोकात, त्याच कोनात शोभतो. जरा जास्त पिळला तरी पानाचा देठ तुटतो. जुनी बंदूक पारखणारे आधी स्क्रू बघतात ते यासाठी. कोण्या अडाण्यानं ती उघडली होती का, हे तिथे लगेच समजतं.

कोरून झालं की पोलादाला पाणी द्यायचं. हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात पुरून भट्टीत तापवतात आणि लालभडक असतानाच पाण्यात बुडवतात. वरचा पापुद्रा कठीण होतो, आतला गाभा चिवट राहतो. या एका बुडीत ॲक्शन वाकडी होऊ शकते. आणि बाहेर आल्यावर छिन्नी तिच्यावर चालत नाही, म्हणजे दुरुस्तीची वेळ संपलेली.

गिऱ्हाईक शिकारी असतो, त्याला जनावर पाठ असतं. शॅमॉयची शिंगं सरळ वर जाऊन टोकाशी मागे वळतात. आकडा जरा चुकला तर तो बंदूक हातात घेताक्षणी सांगेल. पूर्वी नमुन्यासाठी छापील चित्रं वापरत. आउग्सबुर्गच्या योहान एलियास रिडिंगरनं अठराव्या शतकात काढलेली शिकारीची चित्रं कित्येक बंदुकांवर उतरली. आता समोर छायाचित्र असतं. पण छायाचित्रात उंची नसते, ती कारागिरालाच ठाऊक असावी लागते.

वाघ कोरायचा म्हटलं की मात्र उठावाचं काम अडतं. डुक्कर, हरीण, गवा यांची ओळख आकारात आहे. वाघाची ओळख पट्ट्यांत, म्हणजे रंगात, आणि पोलादाला रंग नाही. पट्टा खोदला तर ती जखम वाटते, न खोदला तर सिंहीण. मग कारागीर पट्ट्यांच्या जागी केस दाट घेतो, किंवा सगळा वाघ सोन्याचा जडवून त्यात काळे पट्टे सोडतो. जडवायची जागा कडेनं आतून पोखरायची आणि मऊ, शुद्ध सोनं ठोकून त्या खाचेत पकडवायचं. डिंक नाही, डाग नाही.

याच प्रश्नाला आपल्याकडे वेगळं उत्तर होतं. भारतीय तोड्याच्या बंदुकांची तोंडं वाघाच्या जबड्याच्या आकारात घडवलेली सापडतात. तिथे वाघ चित्रात नाही, नळीच वाघ झालेली आहे. टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारागिरांनी तर पट्टा अंगावरून उचलून नुसती नक्षी केली आणि ती बंदुकीपासून तोफेपर्यंत सगळीकडे वापरली. कट्यारींच्या पोलादी मुठींवर हत्ती, वाघ, हरणं आणि त्यांच्यामागे धावणारे शिकारी उठावात कोरलेले दिसतात. मुठीची जागा ॲक्शनपेक्षाही अडचणीची, कारण तिथे सपाटी मुळीच नाही.

मग ते हात गेले कुठे? फेर्लाखला शाळा निघाली त्याच १८७८ सालात लॉर्ड लिटनच्या सरकारनं हिंदुस्थानात शस्त्रांचा कायदा आणला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा ठरला. एकट्या कायद्यानं धंदा बुडाला असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. बऱ्याच संस्थानांच्या फौजा त्याआधीच मोडल्या होत्या, आणि स्वस्त विलायती माल बंदरात उतरत होता. कायद्यानं उरलंसुरलं गिऱ्हाईक नेलं. राजेमहाराजे मोकळे होते, त्यांनी आपल्या बंदुका लंडन-बर्मिंगहॅमहून मागवल्या. हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, वेस्टली रिचर्ड्स. म्हणजे वाघ इथला, पैसा इथला, आणि कोरणारा हात तिकडचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं पुढे ती शिकारही थांबवली. ते उत्तमच झालं. तशीही अशी नक्षीदार बंदूक रानात कमी आणि तिजोरीत जास्त राहते.

बिहारमधलं मुंगेर मला इथे आठवतं. मीर कासिमनं अठराव्या शतकात तिथे शस्त्रांचा कारखाना काढला आणि तेव्हापासून गावाच्या बोटांत बंदूक आहे. आज मुंगेरचं नाव आपण वाचतो ते गावठी कट्ट्यांच्या बातमीत. हात तिथेही होते. फेर्लाखला राज्यकर्त्यांनी शाळा दिली, मुंगेरला पोलिस चौकी. उदयपूरला शिकलगार घराणी अजून पोलादात सोन्याची तार बसवतात. महाराष्ट्रातल्या शिकलगाराला मात्र आपण कात्र्यांना धार लावणारा म्हणून ओळखतो.

फेर्लाखमधून माणसं बाहेरही गेली. तिथे जन्मलेला रुडॉल्फ कोर्नब्राथ १९१० मध्ये अमेरिकेत गेला, हार्टफर्डला स्थिरावला, आणि कोल्टच्या पिस्तुलांवर आल्प्सच्या हातानं अमेरिकी जनावरं कोरू लागला. अमेरिकेनंच पुढे हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी आणली. तिच्यामुळे हातोडी सुटली, डोळा आणि अंदाज सुटले नाहीत. लेसरचं तसं नाही. कारखान्यातल्या बऱ्याच बंदुकांवर आता लेसरनं रान उतरतं आणि हातभर अंतरावरून ते चांगलंही दिसतं. दहापटीचं भिंग लावलं की फरक कळतो. हातानं कापलेली रेघ बारीक सुरू होते, मध्ये फुगते, तिच्या कडा चमकतात. लेसरची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, तळाशी जळकट आणि मंद.

बंदूक घ्यायचा प्रश्नच आपल्यापैकी बहुतेकांना नाही. पण पोलादाचं काम बघायला बंदूक लागत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनासमोर आपण पात्याची लांबी बघून पुढे सरकतो. एकदा मुठी बघा, आणि समोरून नको, बाजूनं वाकून बघा. मुंबईत १८९१ मध्ये जे.जे. कलाशाळेला जोडून रे आर्ट वर्कशॉप्स निघाले, तेव्हा धातूच्या कारागिरीला वर्गात आणायचा प्रयत्न आपल्याकडेही झाला होता. जे.जे.त धातुकामाचा विभाग आजही आहे. ज्यांच्या घरात सतत काहीतरी कोरत, ठोकत बसणारं मूल आहे, त्यांनी प्रवेशाचे अर्ज भरताना त्या विभागाचंही नाव वाचावं.