२४० कोटींतली ७ अक्षरं

कुत्र्याच्या जनुकीय आराखड्यात साधारण २४० कोटी अक्षरं असतात. सेकंदाला एक, या वेगानं खाणंपिणं-झोप सोडून वाचत बसलात, तर ७६ वर्षं लागतील. मेक्सिकोतल्या शोलो जातीच्या बिनकेसाच्या कुत्र्यात मात्र १७व्या गुणसूत्रावरच्या ‘फॉक्सआय३’ या जनुकात ७ अक्षरं चुकून दोनदा आली आहेत. म्हणजे ७६ वर्षांत ७ सेकंदांची गडबड!

तेवढ्यानं केस तर गेलेच, दातही गेले. गर्भात दोन्हींची सुरुवात त्वचेच्या एकाच थरातून होते. एरवी कुत्र्याला दुधाचे २८ दात येतात आणि सहा-सात महिन्यांत त्यांच्या जागी कायमचे ४२ येतात, वर २० आणि खाली २२. या कुत्र्यांचे दुधाचे दात बरेचसे ठीक येतात. गोची होते ती नंतर. पटाशीचे दात, सुळे, उपदाढा यांतले कितीतरी उगवतच नाहीत. मागच्या दाढा येतात, पण आतल्या बाजूचे उंचवटे नसलेल्या. पुढच्या फटीतून जीभ खुशाल बाहेर लोंबते. प्रदर्शनात एरवी दात मोजणारे परीक्षकही शोलोला सूट देतात.

आता ७ या आकड्याकडे बघा. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते. ३ किंवा ६ अक्षरं वाढली असती, तर पुढचे गट जागेवर राहिले असते. सातानं एक बाकी उरते आणि तिथून पुढचा सगळा मजकूर एका घरानं सरकतो. प्रथिन अर्धवटच राहतं. जनुकाची दुसरी प्रत शाबूत असते म्हणून कुत्रा जगतो; दोन्ही बिघडल्या तर पिल्लू गर्भातच दगावतं. त्यामुळे बिनकेसाच्या जोडीची सरासरी चारांतली एक गर्भधारणा वाया जाते. उरलेल्या तिघांत दोन बिनकेसाची आणि एक चक्क केसाळ. त्या केसाळाचे दात बहुधा पुरते असतात.

बिनकेसाच्या कुत्र्यांचे दात सदोष असतात, हे डार्विननं १८५९ सालीच लिहून ठेवलं होतं. कारण कळायला २००८ उजाडलं, तब्बल १४९ वर्षं! तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. मेक्सिकोचा शोलो, पेरूचा बिनकेसाचा कुत्रा आणि ‘चायनीज क्रेस्टेड’ या तिन्ही जातींत तीच ७ अक्षरं, त्याच जागी सापडली. अशी चूक तीनदा हुबेहूब घडणं जवळपास अशक्य, म्हणजे तिघांचाही पूर्वज एकच.